किसनरावांचा फलाहार

काकड्याचा शेवटचा दिवस होता. आरती झाली, गोपाळकाला वाटायला सुरुवात झाली, आणि किसनरावांनी आपल्या हातातला द्रोण पुजाऱ्याला परत दिला. मग विठोबाकडे तोंड करून, पण बाहेरच्या ओट्यावरच्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "पांडुरंगा, आजपासून मी अन्न सोडलं. जोवर माही पोरगी त्या फळवाल्याच्या पोराचा नाद सोडत नाही, तोवर अन्नाले शिवणार नाही. फळावर राहीन. फक्त फळावर!"

तेल्हाऱ्याजवळच्या त्या गावात किसनरावांचं खाणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. रोडग्याच्या पंगतीत ते येऊन बसले की वाढपी आधी त्यांच्याकडे बघायचा, मग वांग्याच्या भाजीच्या गंजाकडे बघायचा आणि मग आचाऱ्याला जाऊन काहीतरी कानात सांगायचा. असा माणूस अन्न सोडतो म्हणजे प्रकरण साधं नाही, हे पोरासोरांनाही कळलं. बायकांच्या घोळक्यात उभी असलेली त्यांची मुलगी रागिणी लाजेनं आणि रागानं लालबुंद झाली. तिच्या बापानं तिचं प्रेमप्रकरण एका दमात देवाला आणि गावाला सांगून टाकलं होतं. देवाला निदान आधीपासून माहीत असावं.

रागिणी अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवायची. फळांचा पाठ तिचा जीव की प्राण. प्रात्यक्षिकासाठी ती पिशव्या भरभरून फळं न्यायची, आणि ती जिथून न्यायची त्या दुकानावर कुंदन बसायचा. कुंदनचं घर चांदूर बाजारचं, घरची संत्र्याची बाग, बाजूला भाजीपाला, आणि अमरावतीत हे फळांचं दुकान. एकदा त्यानं न राहवून विचारलं, "मॅडम, तुमी एवढी फळं नेता, पण गोड निघाली का आंबट, हे कधीच सांगत नाही."

"मी खात नाही, कापते," रागिणी म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यापासून तो तिच्यासाठी चमत्कारिक फळं बाजूला काढून ठेवू लागला. जोडकेळं, पोटात दुसरं लहान संत्रं असलेलं संत्रं, बिनबियांचं सीताफळ. मुलीला वश करायचे हजार मार्ग असतील, पण रागिणीला हाच लागू पडणारा होता. वर्षभरात दोघांचं ठरलं. कोर्टात जाऊन सह्या ठोकायला दोघंही मोकळी होती, पण बापाला सोडून बोहल्यावर उभं राहायचं नाही, असं रागिणीनं मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिनं घरी सांगितलं. किसनराव फराळाचं ताट बाजूला सारून उभेच राहिले.

"फळवाला? आमी शेतकरी लोक! काळ्या जमिनीत पऱ्हाटी काढतो, तूर काढतो, ज्वारी काढतो. आमच्या घरचा माणूस कधी टोपलं घेऊन बसला नाही, 'घ्या वो घ्या' करत. अन् तू त्यायच्या घरी जाऊन का संत्री मोजून राहशील?"

"टोपलं नाही बाबा, दुकान आहे."

"दुकान म्हणजे लोखंडी शटरचं टोपलं!"

यावर दोन दिवस घरात भांडीच काय ती बोलली, आणि तिसऱ्या दिवशी देवळात ती प्रतिज्ञा झाली.

आता किसनराव काही भोळे नव्हते. 'फळावर राहीन' म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे काय होतं, ते घरी आल्या आल्या कळलं. त्यांची बायको माणिकबाई हिनं साबुदाणा भिजत घातलाच होता. संध्याकाळी ताटात खिचडीचा डोंगर, त्यावर तूप, शेजारी शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड चकत्या आणि वाटीभर दही. एकादशी आणि दुप्पट खाशी, तशातला प्रकार. अशी प्रतिज्ञा त्यांनी हसत हसत वर्षभर चालवली असती. बाहेर ओसरीवर चार माणसं त्यागी पुरुषाचं दर्शन घ्यायला बसली होती.

रागिणी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. बापानं पहिला घास उचलला तशी ती म्हणाली, "बाबा, तुमी फळ म्हणलं होतं ना?"

"मंग?"

"साबुदाणा कोण्या झाडाले लागते?"

किसनरावांचा हात तोंडापाशी थांबला. साबुदाणा झाडाला लागत असेल असं त्यांना आजवर वाटत होतं की नव्हतं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी त्यावर कधी विचारच केला नव्हता.

"एका झुडपाचं मूळ असते ते," रागिणी म्हणाली. "मूळ किसून, त्याचं सत्त्व काढून गोळ्या करतेत. रताळंही मूळच. बटाटा खोड आहे, जमिनीखालचं. दही म्हशीचं. यात फळ कोणतं आहे?"

"अन् शेंगदाणा? तो तर शेंगेत होते!"

"शेंग फळ आहे बाबा. दाणा तिच्यातलं बी आहे. टरफलं खायची असतील तर खुशाल खा."

ओसरीवरून कोणीतरी खो खो हसलं आणि लगेच खोकल्याचं निमित्त केलं. किसनराव तापले. "फळ कशाले म्हणते मंग? तूच सांग, एवढी शिकली तर!"

असा प्रश्न कोणी विचारला की रागिणी भांडण विसरायची. हा तिचा जन्मजात दोष होता. ती बापासमोर पाटावर बसली आणि वर्गात सांगायची तसं सांगू लागली. "फुलाच्या बुडाशी एक इवलीशी पिशवी असते, तिच्यात बी धरते. फूल वाळून गळून जाते, अन् ती पिशवी वाढते. ती वाढलेली पिशवी म्हणजे फळ. मंग ते गोड असो, कडू असो, मऊ असो का लाकडासारखं असो. फुलातून आलं अन् पोटात बी घेऊन आलं, ते फळ. बाकी पान ते पान, खोड ते खोड, मूळ ते मूळ."

"अन् चहा?" किसनरावांचा आवाज एकदम बारीक झाला.

"पान. साखर खोडाची."

चहा गेला तेव्हा किसनरावांना प्रतिज्ञेचं खरं वजन कळलं. पण बाहेर माणसं बसलेली, देवासमोर शब्द गेलेला. त्यांनी ताट सरकवलं आणि तारसप्तकात म्हणाले, "नाही तर नाही! खरं फळ तर खरं फळ! आण केळी!"

रागिणीला वाटलं, आपण जिंकलो. फार तर दोन-तीन दिवस टिकतील. पण ज्या घरची मुलगी हट्टी असते त्या घरात हट्ट कुठून तरी आलेला असतो. किसनराव केळ्यांवर राहिले, पेरूवर राहिले, सीताफळावर राहिले. पेरूनं त्यांना एका टोकाला नेलं आणि पपईनं दुसऱ्या. पोटातून असे आवाज येत की गोठ्यातली गाय कान टवकारून बघायची. शेजारचे रामराव कौतुकानं सफरचंदं घेऊन आले, तर किसनरावांनी आधी मुलीकडे पाहिलं.

"सफरचंद जरा वादाचं आहे," रागिणी म्हणाली. "खरं फळ म्हणजे मधला तो बियांभोवतीचा टणक भाग. जो फेकून देतो तो. वरचा गर म्हणजे देठाचं फुगलेलं टोक आहे."

किसनरावांनी सफरचंदं परत केली. रामराव ती पिशवी घेऊन घरी जाताना दर पावलाला थांबून आत डोकावत होते, इतकी वर्षं आपण देठ खात आलो हे त्यांना पटत नव्हतं.

सुट्टी संपली आणि रागिणी अमरावतीला परतली. बापाचे गाल बसले होते. पण ती मनाला बजावत होती की हार मानायची नाही. कुंदन म्हणाला होता, घरचे या लग्नसराईपलीकडे थांबणार नाहीत. त्याची आई जमुनाबाई आणि वडील पुंजाराम यांच्या कानांवर 'फळवाला' हा शब्द कसा उच्चारला गेला तेही जाऊन पोहोचलं होतं. आता बापाचा हट्ट तुटला तरच हे लग्न होणार होतं, एवढं सरळ होतं सगळं.

आणि एका दुपारी स्टाफरूममध्ये फोन वाजला. बाबांचा. देवळातल्या त्या दिवसापासून त्यांनी स्वतःहून कधी फोन केला नव्हता.

"रागिणे, एक विचारतो. खरं सांगजो. भगर फळ आहे का?"

भगर म्हणजे एका गवताचा दाणा. आणि गवताचा दाणा म्हणजे निव्वळ बी नव्हे. फळाची साल बीला इतकी चिकटून बसलेली असते की दोघं वेगळी होतच नाहीत. अख्खा दाणा हेच फळ. पुस्तकात त्याला तृणफल म्हणतात. दर वर्षी ती हे फळ्यावर लिहायची आणि विचारायची, "कोण सांगेल, बी कुठे संपलं आणि फळ कुठे सुरू झालं?" आता तिला 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. समोर बसलेल्या आरती मॅडम डबा खाता खाता तिच्याकडे बघत होत्या.

"हो बाबा," ती म्हणाली. "फळ आहे."

पलीकडून अतिशय गोड आवाजात, "भगर गवताची. मंग ज्वारी पण गवतच ना वं?"

"हो."

"म्हणजे भाकर..."

"भाकर फळाचीच होते बाबा," रागिणी म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. फोनमधून किसनरावांचा जो आनंदाचा चीत्कार आला तो आरती मॅडमनाही ऐकू गेला.

रात्र व्हायच्या आत माणिकबाईचा फोन आला. "अवं बाई, खोटं बोलता नाही आलं का तुले? एवढंसं? तुह्या बापानं भाकर खाल्ली, वांग्याचं भरीत खाल्लं, ठेचा खाल्ला, अन् ओसरीवर बसून लोकायले सांगून राहिले का उपास चालू आहे म्हणून! आता तो माणूस मरेपर्यंत उपास करते!"

वांगं फळ. मिरची फळ. टमाटं फळ. रागिणीनं स्वतःच्या हातानं बापासाठी जेवणाची दारं उघडून दिली होती. त्यानंतर तर फोनचा पाऊसच पडू लागला. सकाळी तास सुरू होण्याआधी, दुपारी, बसमध्ये. "कोथिंबीर?" "पान." "अन् धने?" "धने फळ. जिरंही फळ." "म्हणजे पोरगं चालते, माय चालत नाही! लसूण?" "नाही." "कांदा?" "नाही." "मीठ तर पाण्यातून येते, ते धरू नको. भेंडी?" "फळ." "हळद?" "नाही." "फोडणी?" "तेल बियांचं, बाबा." इथं एक सुस्कारा. "बरं. बिनफोडणीचं खाईन. पण तुरीचं वरण?" "डाळ म्हणजे बी. शेंग सोलून, साल काढून, दोन फाका करून. वरणात फळाचा अंशही नाही."

वरण गेल्याचं दुःख त्यांना सगळ्यांत जास्त झालं. स्वतःच्या शेतातली तूर, आणि तिचंच वरण बंद.

गाव तर वेडंच झालं. पंगतीत माणसं एकमेकांच्या पानात बोट दाखवून विचारू लागली, हे काय खाऊन राहिला, मूळ का फळ? फुलकोबीवरून दोन भावांत बोलणं बंद झालं. रामराव संध्याकाळी ओसरीवर येऊन एकेक पदार्थ पुढे करायचे आणि किसनराव पंचासारखे निकाल द्यायचे. अडलं की अमरावतीला फोन. एकदा रागिणीनं त्यांना सांगितलं की संत्र्याच्या फोडीत आपण जे रसाचे दाणे खातो ते म्हणजे खरं तर फळाच्या आतल्या सालीवर उगवलेले केस असतात, रसानं फुगलेले. किसनरावांनी हातातली फोड पाहिली, मग माणिकबाईला हाक मारली, मग दोघं मिळून इतके हसले की फोन कोणीच उचलून धरला नाही. रागिणी कॉलेजच्या गेटपाशी उभी राहून आई-बापांचं हसू ऐकत होती आणि स्वतःही हसत होती. आजूबाजूची मुलं बघत होती. लहानपणी खांद्यावर बसवून शेतात नेणारा बाप तिला परत मिळाला होता, आणि त्याच्याशी आपलं भांडण चालू आहे हे तिला पुन्हा पुन्हा आठवावं लागत होतं.

कुंदन मात्र हसत नव्हता. "मॅडम, तुमी शिकवता चांगलं," तो दुकानात पेटीवर पेटी आपटत म्हणाला. "पण बापाले एवढं जेवू घातल्यावर तो काहून मानन? अन् माही माय रोज एक फोटो दाखवून राहिली. परवाची पोरगी तर बँकेत आहे."

"मंग कर बँकेतलीशी!"

"तिले सीताफळ अन् रामफळातला फरक कळत नाही," कुंदन तोंड पाडून म्हणाला, आणि रागिणीला रडू आणि हसू एकदमच आलं.

मग एका सकाळी फोन आला तो कपाशीच्या शेतातून. वाऱ्याचा आवाज येत होता.

"रागिणे, पऱ्हाटीत उभा आहो. पिवळं फूल होतं, ते लाल पडून वाळलं. मी ते ओढून काढलं. बुडाशी इतकंसं बोंड आहे."

"हो बाबा."

"दुसरं मोठं बोंड हिरवंच फोडलं, विळ्यानं. आत चार खण आहेत. खणात ओला कापूस. कापसात सरकी."

"सरकी बी आहे. कापूस म्हणजे त्या बीवरचे केस."

"ते समजलं मले," किसनराव म्हणाले. आज आवाजात गंमत नव्हती. "फुलातून आलं. पोटात बी घेऊन आलं. मंग बोंड फळच झालं ना वं?"

रागिणी पायरीवर बसली. हा प्रश्न आपण त्यांना विचारायला हवा होता आणि इतक्या दिवसांत आपल्याला सुचला नाही, याचं तिला नवल वाटलं. "फळच आहे बाबा. आमच्या पुस्तकात त्या जातीच्या फळाचं नावच बोंड आहे."

"ज्वारी फळ. तुरीची शेंग फळ. अन् बोंडही फळ." किसनराव एकेक मोजून म्हणत होते. "माह्या आजानं फळंच काढली. बापानं फळंच काढली. बैलगाडी भरभरून अकोल्याच्या बाजारात नेऊन विकली. म्हणजे आपण..."

फोन बंद झाला.

त्यानंतर फोन येणंच थांबलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "काही बोलत नाही वं. बांधावर जाऊन बसते, पऱ्हाटीकडे पायत राहते. भरीतही अर्धंच खाल्लं." रागिणी घाबरली. आपण बापाच्या अभिमानावरच घाव घातला असं तिला वाटू लागलं. खोडाफळांच्या त्या फोनांची तिला इतकी सवय झाली होती की तास सुरू होण्याआधीचा वेळ काढवेना. एकदा तिनं स्वतःच फोन करून विचारलं, "बाबा, कारलं विचारायचं राहिलं ना?" तर ते नुसतं "फळ आहे, माहीत आहे मले" म्हणाले आणि ठेवून दिला.

रविवारी पहाटे निरोप आला. चांदूर बाजारच्या स्टँडवर ये. आम्ही दोघं येऊन राहिलो.

रागिणी पोहोचली तेव्हा किसनराव धुतलेला सदरा घालून आणि डोक्यावर टोपी घट्ट बसवून उभे होते. हातात कापडानं झाकलेली परडी. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. "कुठं घर आहे त्यायचं?" एवढंच म्हणाले. भांडायला आलेत, रागिणीच्या मनात आलं, परडीत दगड असतील. माणिकबाईनं मुलीकडे बघून खांदे उडवले. तिलाही काही सांगितलं नव्हतं.

पुंजारामांच्या अंगणात संत्र्यांचे ढीग होते आणि माणसं ती निवडत बसली होती. कुंदन दारात आला आणि खांबासारखा उभा राहिला. पुंजाराम उठले, पाणी दिलं, खाट दिली, पण सूर कोरडाच होता. "या. तुमी तर आमच्याकडे अन्न घेत नाही म्हणे. संत्री घेसान का? फळवाल्याच्या घरी दुसरं काय असते!"

रागिणीनं खाली मान घातली. किसनरावांनी परडी पुढे सरकवली आणि कापड काढलं. आत हिरवी, टपोरी, टोकदार पऱ्हाटीची बोंडं होती, एकावर एक नीट रचलेली, जशी संत्री रचतात तशी.

"पहिल्यांदा येऊन राहिलो, खाली हातानं कसं येऊ?" किसनराव म्हणाले. "फळं आणली. घरच्या शेतातली."

पुंजारामांनी बोंडाकडे पाहिलं, मग किसनरावांकडे, मग हा माणूस उपासानं भ्रमिष्ट झाला की काय अशा नजरेनं माणिकबाईकडे. "हे फळ?"

"सुरी आणा," किसनराव म्हणाले.

आणि मग जे सुरू झालं ते रागिणीनं आपल्या वर्गात कधी पाहिलं नव्हतं. किसनराव खाटेवरून उतरून जमिनीवर बसले, बोंड कापलं, खण दाखवले, सरकी दाखवली, फुलाची पिशवी कशी वाढते ते हातवारे करून सांगितलं. "तुमी फळवाले, तर मीही फळवालाच, पुंजारामभाऊ. फरक एवढाच का तुमचं फळ लोकं खातेत अन् माहं फळ नेसतेत. देवळात मी जे बोललो ते मले मागं घेता येत नाही, देवासमोर बोललो. पण ते बोलणं अडाणीपणाचं होतं, हे तुमच्या दारात येऊन सांगतो."

पुंजारामांनी एक बोंड उचललं, तळहातावर तोललं आणि म्हणाले, "मंग भाव काय लावला डझनाले?"

"तुमच्यापेक्षा कमीच! तुमी तर लोकायले केस विकता!"

"केस?"

"आणा एक संत्रं इकडं!"

संत्रं कापलं गेलं. मग वांगं, मग काकडी, मग भेंडी. माणसं निवडायचं काम सोडून भोवती गोळा झाली. दोघं म्हातारे गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि घरातलं जे हाताला लागेल ते चिरू लागले. पुंजारामांना सफरचंदाचं कळलं तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अन् मी आयुष्यभर गिऱ्हाइकाले चांगलं फळ म्हणून देठ दिला बाप्पा!" कुंदन रागिणीच्या शेजारी येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, तुमच्या बाबाले कॉलेजात लावून द्या, तुमाले सुट्टी." ती हसली, पण हसू टिकलं नाही. कारण हे सगळं खरं असलं तरी प्रतिज्ञा तशीच होती. मुलीनं नाद सोडल्याशिवाय अन्न नाही. हसण्या-खिदळण्यानं देवासमोरचा शब्द फिटत नाही, आणि बाबा शब्द फिरवणारे नव्हते.

जमुनाबाईनं पानं मांडली. कुंदननं आधीच आईला सगळं पढवून ठेवलं होतं, त्यामुळे किसनरावांचं ताट वेगळं होतं. भाकर, भाजलेल्या वांग्याचं भरीत, टमाट्याची चटणी, काकडी, लिंबू, आणि कडेला सोललेलं संत्रं. पूर्ण फळांचं, कुठंही चूक नसलेलं ताट. बाकीच्यांना भात आणि तुरीचं वरण. किसनरावांनी आपल्या ताटाकडे पाहिलं. मग माणिकबाईच्या पानातल्या वरणाच्या वाफेकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, ओठ हलले. पांडुरंगाशी काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच माहीत.

"वरण वाढा," ते म्हणाले.

जमुनाबाई वरणाचं भांडं हातात घेऊन थबकली. "भाऊ, हे तर डाळीचं आहे. कुंदन म्हणत होता का..."

"बी आहे. फळ नाही. मले माहीत आहे."

"मंग तुमचा उपास?"

"पोरीनं नाद सोडला नाही, अन् सोडू पण नये," किसनराव रागिणीकडे न बघता म्हणाले. "फळ काय जन्मभर झाडालेच धरून बसते? मीच सोडला माहा नाद. वाढा."

जमुनाबाईनं पळीभर वरण वाढलं. किसनरावांनी भाकर त्यात कुस्करली, मोठा घास केला आणि तोंडात घातला. इतक्या दिवसांनी पोटात वरण गेलं तशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वरणामुळे आलं असंच त्यांनी सगळ्यांना भासवलं. रागिणीला समोरचं पान दिसेनासं झालं. तिनं आईचा हात घट्ट धरला.

जमुनाबाईनं भीत भीत विचारलं, "अजून वाढू का?"

किसनरावांनी भाकरीचं आळं केलं, ताट पुढे सरकवलं आणि पाऊण गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "विचारता काय, इहीणबाई? वाढा!"